रविवारचे दोन तास गावच्या वाचनालयाला

महोदय,

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला १८४० पासूनची परंपरा आहे. पण निफाड, दिंडोरी, पेठ तालुक्यांतल्या खेड्यांत एका खोलीत चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या वर्गवारीतल्या सर्वांत लहान, वाचनालयांकडे कोण पाहते? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने त्यांना मान्यता आणि अनुदान मिळते. त्यातूनच वर्तमानपत्रे, वीजबिल, पुस्तके आणि ग्रंथपालाचे मानधनही भागवायचे असते.

मी दर रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात बसतो. सुटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावतो, दाखल नोंदवहीत नवी पुस्तके चढवतो, पोरांना गोष्ट वाचून दाखवतो. द्राक्षांच्या हंगामात मजुरांची मुलेही दारात येऊन उभी राहतात. त्यांना आत बोलवावेच लागते.

देणगी देणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. रद्दीत जाणारी जुनी गाईडे पाठवू नका. आधी ग्रंथपालाला विचारा, काय हवे आहे. स्पर्धा परीक्षेची चालू वर्षाची पुस्तके, एखादे कपाट, एका मासिकाची वर्षाची वर्गणी, एवढ्यानेही फार मोठा आधार होतो. शहरात स्थायिक झालेल्यांनी गावी आल्यावर एकदा तरी त्या खोलीत डोकावावे.

– एक सभासद, ता. निफाड, जि. नाशिक