दुखावलेला सांधा चोळण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की खानदेशात गावोगावी कडुनिंबाच्या आणि चिंचेच्या फांद्यांना झोके बांधले जातात, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, पोरे कैऱ्यांसाठी झाडावर चढतात आणि याच दिवसांत हात दुखावलेल्या मुलांची एक्स-रेसाठी रांग लागते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मी नोकरीचा सारा काळ क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काढला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सुचवण्याचा अधिकार मला नाही. परंतु फिल्मवर जे वर्षानुवर्षे पाहिले त्यावरून एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. मार लागलेला सांधा, विशेषतः लहान मुलाचे कोपर, तपासणी होण्याआधी कोणीही चोळू नये, ओढू नये आणि घट्ट बांधू नये. यात हाडवैद्य की डॉक्टर, जुने विरुद्ध नवे असा वाद मला उकरून काढायचा नाही. सांध्याची रचनाच तसे सांगते, आणि ती समजायला फार शिक्षण लागत नाही.

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. नवजात बाळात ती सुमारे २७० ते ३०० असतात आणि वाढीच्या वयात त्यांतली बरीचशी एकमेकांत जुळतात, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या मते या दोहोंपैकी दुसरी माहिती जास्त कामाची आहे. लहान मुलाच्या लांब हाडांची टोके सुरुवातीला हाडाची नसतात, कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीची असतात. कूर्चेच्या जागी हळूहळू हाड तयार होत जाते, आणि टोक व दांडा यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर पुढेही बरीच वर्षे शिल्लक राहतो. हाडाची लांबी वाढते ती याच थरात. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलग्यांमध्ये १६ ते १८ या वयात तो मिटतो. त्याआधी त्याला जबर इजा झाली, तर हाड वाकडे वाढण्याचा किंवा आखूड राहण्याचा धोका असतो.

आता कोपराकडे पाहू. येथे दंडाचे एक हाड आणि कोपरापासून मनगटापर्यंत जाणारी दोन हाडे एकाच आवरणात एकत्र येतात. हात दुमडण्याचे काम बिजागरीच्या सांध्याकडे, तर तळहात वर-खाली फिरवण्याचे काम खुंटीच्या सांध्याकडे असते. मुलांमध्ये या एका सांध्याभोवती हाड तयार होण्याची सहा केंद्रे असतात आणि ती साधारणपणे १, ३, ५, ७, ९ आणि ११ या वयांच्या आसपास एकेक करून दिसू लागतात. कूर्चा एक्स-रेमध्ये उमटत नाही. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर कोपराच्या जागी बराचसा भाग नुसता काळा असतो आणि मध्ये दोन-तीन पांढरे ठिपके सुटे पडल्यासारखे दिसतात. त्यांतला कोणता ठिपका वयाप्रमाणे आलेला आणि कोणता तुटून बाजूला गेलेला, हे ठरवताना अनुभवी डॉक्टरही कित्येकदा दुसऱ्या, चांगल्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतात आणि दोन्ही फिल्म शेजारी लावून पाहतात. फिल्म समोर असताना जर ही स्थिती, तर सुजलेल्या कातडीवरून बोटे फिरवून आत काय झाले आहे हे कसे कळावे?

झोक्यावरून किंवा झाडावरून पडताना मूल आपोआप हात पुढे टेकते. तो सगळा धक्का कोपराच्या किंचित वर, दंडाचे हाड जिथे चपटे आणि पातळ होते तिथे पोहोचतो, आणि हाड तिथेच मोडते. मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगांत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. अडचण अशी की हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि एक मोठा मज्जातंतू याच ठिकाणी, हाडाच्या अगदी पुढून खाली उतरतात. मोडलेल्या हाडाचे धारदार टोक त्यांच्यापासून फार दूर नसते. अशा वेळी हात ओढून 'बसवला' आणि वरून बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधला, तर आतली सूज वाढत जाते, तिला बाहेर जायला वाट राहत नाही आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. रक्ताविना काही तास गेले की स्नायू मरू लागतात. पुढे ते आकसतात, मनगट आणि बोटे आत वळतात आणि तशीच राहतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि तिचा संबंध घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी जोडला. हळद-तेलात भिजलेली पट्टी सोडल्यावर खालचा पंजा गार, निळसर आणि फुगलेला निघतो आणि बोट सरळ करू गेल्यास मूल किंचाळते, हे दृश्य मी पाहिले आहे. त्या वेळी एक्स-रे नंतर आणि शल्यचिकित्सक आधी लागतो.

चोळण्याचा दुष्परिणाम इतक्या लवकर दिसत नाही, म्हणून त्याला कोणी दोषही देत नाही. कोपराला मार लागल्यावर त्याच्या पुढच्या स्नायूत रक्त साकळते. ते स्वस्थ राहू दिले, तर शरीर ते शोषून घेते. रोज सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने रगडले, किंवा आखडलेला हात जोर लावून सरळ केला, तर त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते. पहिल्या फिल्मवर काहीच नसते; काही आठवड्यांनी काढलेल्या फिल्मवर सांध्याच्या पुढे एक पांढुरकी, अस्पष्ट छाया उमटते आणि पुढे तिचे घट्ट हाड होते. मग तो हात ना पुरता दुमडतो, ना पुरता सरळ होतो. हात मोकळा व्हावा म्हणून केलेल्या मालिशनेच तो कायमचा जखडावा, याइतके वाईट मला दुसरे काही वाटले नाही. कोपर हा या बाबतीत सर्वांत खोडकर सांधा आहे.

यावर नेहमी एकच उत्तर मिळते: आमच्या गावच्या हाडवैद्याने शेकडो हात बरे केले आहेत. ते खोटे नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. हाड ही जिवंत ऊती आहे. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग मऊ आणि त्यानंतर कठीण जोड तयार होतो, आणि पुढे कित्येक महिने हाड जोडावरचा अनावश्यक भाग काढून टाकून आपला आकार पूर्ववत करत राहते. ही क्रिया प्लॅस्टर लावले तरी चालते आणि पाला बांधला तरी चालते. मुलांमध्ये तर थोडा बाकही वाढीबरोबर सरळ होतो; पीळ पडला असेल तर तो मात्र सुटत नाही. म्हणजे हाड सांधणारा ना हाडवैद्य ना डॉक्टर. माणसाच्या हाती एवढेच असते की हाड योग्य जागी सांधावे आणि शेजारच्या सांध्याची हालचाल शाबूत राहावी.

खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे, तरी त्यांची प्रकृती निराळी आहे. खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा तिच्यावर बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा टेकलेला असतो. म्हणूनच हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळतो तोही खांदाच. तो बसवता येतो हे खरे. पण माथ्याजवळ हाडही मोडले आहे का, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना गेली आहे का, हे न पाहता दिलेला हिसका महागात पडतो. खुब्याची खोबण उलट खोल असते, त्यामुळे तो सहसा निखळत नाही. वयस्कर आजीबाई न्हाणीघरात घसरतात तेव्हा मोडते ते मांडीच्या हाडाच्या माथ्याखालचे निमुळते मान-हाड. माथ्याला रक्त मुख्यतः याच मानेवरून वर चढणाऱ्या वाहिन्यांतून मिळते. पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेले दिसले, तर ओळखणे सोपे असते. कधी कधी मात्र मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि आजीबाई लंगडत का होईना, चालतात. घरचे म्हणतात, "हाड सरकी गयं," आणि खुबा रगडला जातो. रुतलेली टोके सुटली की वाहिन्या तुटतात आणि माथा रक्ताविना मरतो.

घोट्याबद्दल थोडक्यात. तेथे बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, ताणले गेलेले असतात आणि प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागतो असे मुळीच नाही. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर मात्र तो काढावा.

नंदुरबार जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या आजारात विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी हाडांतील बारीक वाहिन्या अडवतात. तान्ह्या बाळाचे हात-पाय अचानक सुजतात, आणि तरुण मुलाचा खुबा कुठेही न पडता दुखू लागतो. हे दुखणे रगडून जाणारे नव्हे. तेथे रक्ताची तपासणी हवी. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे, त्याचा लाभ सांधेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक आदिवासी मुलाला मिळायला हवा.

लोक हाडवैद्याकडे अडाणीपणाने जातात असे मला वाटत नाही. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरून रात्री घाट उतरून नंदुरबार गाठणे, दोघांची मजुरी बुडवणे आणि तिथे क्ष-किरण यंत्र बंद आहे असे ऐकून परतणे, हे ज्याच्या वाट्याला आले असेल तो दुसऱ्यांदा शेजारच्याच माणसाकडे जाणार. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. आपल्या दैनिकाने आखाजीच्या आधी कोपर, खांदा आणि खुबा यांच्या ठळक आकृत्या अर्ध्या पानावर छापाव्यात. सोबत दुखावलेला हात आहे त्या स्थितीत कसा आधारायचा, हेही दाखवावे: जाडसर घडी केलेले वर्तमानपत्र हाताखाली ठेवून, इजेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील अशा बेताने ओढणीने सैल बांधावे, आणि बोटे उघडी ठेवून त्यांचा रंग व ऊब पाहत राहावे.

दुसरी मागणी आरोग्य विभागाकडे. गावोगावच्या सुईणींना सरकारने एके काळी प्रशिक्षण दिले होते. तसेच हाडवैद्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानाने बोलावून एक दिवस द्यावा, खऱ्या फिल्म समोर ठेवाव्यात आणि कोणते रुग्ण हात न लावता पुढे पाठवायचे ते नेमके सांगावे: बारा-चौदा वर्षांखालील प्रत्येक कोपर, पडल्यावर पाय आखूड दिसणारी किंवा खुबा धरून लंगडणारी प्रत्येक वयस्कर व्यक्ती, आणि बोटे गार किंवा बधिर झालेला कोणताही हात-पाय. पाठवलेल्या रुग्णाचा एक्स-रे रात्रीही निघेल एवढी व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी असावी, नाहीतर त्या प्रशिक्षणाला काही अर्थ राहणार नाही.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
अमळनेर, जि. जळगाव