पोटाच्या गोळीबरोबर काय घेताय?

महोदय,

माझ्या सासूबाईंना जेवणानंतर पोट जड वाटतं, मळमळतं. म्हणून पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारं) आणि डॉम्पेरिडोन (मळमळ थांबवणारं) यांची एकत्र कॅप्सूल त्या वर्षभर 'गॅसची गोळी' म्हणून घेत होत्या. मागच्या महिन्यात खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. कॅप्सूलचा उल्लेख आमच्याकडून झाला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी छातीत धडधड, चक्कर. ईसीजी काढला तेव्हा कुठे दोन औषधांची सांगड लागली.

डॉम्पेरिडोन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर टाकलं जातं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल अडवतात. मग डॉम्पेरिडोन रक्तात साठतं आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. शिवाय ताल बिघडवण्याचा तोच गुण या दुसऱ्या औषधांच्या अंगीही आहे. साठीपुढे धोका जास्त. डॉम्पेरिडोनसारखंच पोटाची हालचाल वाढवणारं सिसाप्राइड हृदयाच्या तक्रारींमुळे भारतात 2011 साली बंद झालं. युरोपात 2014 पासून डॉम्पेरिडोन दिवसाला 30 मिलिग्रॅमपर्यंत आणि सहसा एक आठवडाच, असा दंडक आहे. आपल्याकडे ते महिनोन्‌महिने चालू असतं.

इंदूरच्या दवा बाजारापासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत ही कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मागणारे मी रोज पाहते. दुकानदारांना कळकळीची विनंती: "आणखी कोणती औषधं चालू आहेत?" एवढं विचारा. घरच्यांनीही सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावीत. आम्ही आता तेच करतो.

– एक वाचक, रामबाग, इंदूर