भिंत उतरवण्याआधी

ग्लासगो, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने वाड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीचे फोटो पाठवले आणि ती दिवाळीनंतर उतरवून घ्यायचे ठरते आहे, असेही कळवले. भिंतीला पोट आले आहे आणि ओळंबा लावला तर माथ्याशी ती चार बोटे बाहेर येते, हे खरेच असणार. तरीही माझे थोडे ऐकावे, कारण जुन्या इमारतींचे लेसर स्कॅनिंग करणे हेच गेले वर्षभर माझे इथले काम आहे.

आमचे यंत्र तिपाईवर बसवतात. त्यातल्या फिरत्या आरशावरून निघालेला लेसरचा किरण भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून अंतर निघते आणि सेकंदाला लाखो बिंदूंची जागा काही मिलिमीटरच्या फरकाने नोंदली जाते. जिथे किरण पोहोचत नाही तिथले मात्र काहीच कळत नाही. मागच्या महिन्यात एका खेड्यातल्या चर्चमध्ये एका खांबामागे यंत्र लावायचे मी विसरले आणि संध्याकाळी संगणकावर पाहते तो भिंतीत दाराएवढे काळे भोक! दुसऱ्या दिवशी पावसातून पुन्हा दीड तास गाडी हाकत जावे लागले. साहेब काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

त्याच चर्चची एक भिंत आमच्या नकाशात लालभडक दिसत होती, म्हणजे ओळंब्यातून पुष्कळ बाहेर. मी घाबरले, पण साहेबांनी तिच्यातल्या खिडकीवर बोट ठेवले. खिडकी मागाहून बसवलेली होती आणि तिची दगडी चौकट अगदी ओळंब्यात होती. याचा अर्थ, चौकट बसवली तेव्हा भिंत आधीच कललेली होती. नंतर ती आणखी कलली असती, तर चौकटही तिच्याबरोबर गेली असती.

पॅरिसच्या नोत्र दामचेही असेच. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० साली पन्नासहून अधिक ठिकाणी स्कॅनर लावून त्या चर्चचे अब्जाहून अधिक बिंदू टिपले. वरच्या भिंती शतकानुशतके जागच्या हललेल्या नाहीत, तेव्हा त्यांना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी सुरुवातीपासूनच असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी त्या मोजमापांवरून काढला. १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा टॅलन हयात नव्हते. त्यांची मोजमापे पुनर्बांधणीत कामी आली.

तेव्हा भिंत किती कलली आहे यापेक्षा ती अजून हलते आहे का, हे आधी पाहायला हवे. आम्ही त्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून दोन्ही मोजमापे एकमेकांवर ठेवतो. वाईत इतका खटाटोप नको. भेगेवरचा गिलावा खरवडून तिच्यावर आडवी, बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी तीन जागी ओढावी आणि प्रत्येकीवर तारीख घालावी. पुढचा पावसाळा सरेपर्यंत पट्टी तडकली नाही, तर भिंत उतरवायची घाई नाही. देवळीची चौकटही ओळंब्यात आहे का, तेवढे दादाला पाहायला सांगा.

एक गोष्ट मात्र आमच्या यंत्रालाही दिसत नाही, ती म्हणजे भिंतीचे पोट आतून पोकळ आहे की काय. लाकडी हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर दोन्ही अंगांचे दगड मधल्या भरावापासून सुटले असण्याची शक्यता आहे. मग पट्टीची वाट न पाहता टेकू लावून जाणत्या इंजिनिअरला बोलवावे. तोवर त्या खोलीत कोणाला झोपू देऊ नये, विशेषतः आजीला. पन्हाळीचे पाणी अजूनही त्याच कोपऱ्यात पडत असेल, तर ते आधी वळवून घ्यावे. गेल्या खेपेला मी आले होते तेव्हा तिथली माती भुसभुशीत झालेली होती.

आईस व आजीस नमस्कार. पट्ट्यांचे फोटो दर महिन्याला एकाच जागेवरून काढून पाठवावेत.

तुमची
धाकटी