सॉफ्ट स्टार्टरबाबत तिसरे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
फोंडा, गोवा

विषय : पाण्याच्या मोटरला सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवून मोटर सुरू करणारे उपकरण) म्हणून खजिनदारांनी आणलेला ठोकळा न बसवण्याबाबत

महोदय,

पहिल्या पत्राला "बघतो" असे उत्तर आले. दुसऱ्याला तेही नाही. मोटर सुरू होताच ए विंगच्या जिन्यातले दिवे माना टाकतात, हे जुनेच. चवथीत माटोळीवरची (गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवरची) दिव्यांची माळ पंपागणिक मिणमिणली, तेही उगाळत नाही.

आताचा मुद्दा वेगळा आहे. बी-२०२ मधल्या खजिनदारांनी ऑनलाइन मागवलेला, दोन वायरी बाहेर आलेला काळा ठोकळा पंपरूममध्ये येऊन पडला आहे. तो अँगल ग्राइंडरचा (धातू कापण्या-घासण्याच्या हातयंत्राचा) सॉफ्ट स्टार्टर आहे. ग्राइंडरची मोटर कार्बन ब्रशची, आपली कपॅसिटर-स्टार्ट इंडक्शनची, म्हणजे बिनब्रशची आणि सुरू होण्यापुरता कपॅसिटरचा आधार घेणारी. ठोकळ्यावर "१२ अँपिअर" छापले आहे म्हणून तो चालेल, हा युक्तिवाद मी बैठकीत शांतपणे ऐकून घेतला होता.

बिघडते ते असे. व्होल्टेज निम्मे केले की मोटरचा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. मोटर साधारण पाऊण वेगाला पोचली की आतला सेंट्रीफ्यूगल स्विच (वेगाने आपोआप उघडणारा) उघडतो आणि स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे सुरुवातीपुरती तारेची गुंडाळी, तिच्या कपॅसिटरसह सुटते. (मोटर बंद करताना थांबता थांबता "टक्" ऐकू येते, तो हाच स्विच परत मिटल्याचा आवाज.) जोर कमी पडून मोटर त्या वेगाच्या अलीकडेच गुरगुरत राहिली, तर स्विच उघडत नाही. स्टार्ट कपॅसिटर काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. तो फुगतो, मग फुटतो, आणि पाठोपाठ वाइंडिंगचा वास येतो. ठोकळ्याला एकही खुंटी नाही, म्हणजे जोर वाढवायची सोयच नाही.

घ्यायचा तर अॅडजस्टेबल घ्या, आणि त्यावर "सिंगल फेज" स्पष्ट लिहिलेले असू द्या. थ्री फेजचा आणून दोनच वायरी जोडल्या तर तो फेज नाही म्हणून थांबेल. निवड हॉर्सपॉवरवरून करू नका, नेमप्लेटवरच्या अँपिअरवरून करा. आपल्या २ एचपीच्या प्लेटवर १०.५ आहे, तेव्हा किमान १६ अँपिअरचा घ्यावा. त्याला सुरुवातीचे व्होल्टेज, चढण्याचा वेळ आणि उतरण्याचा वेळ अशा तीन खुंट्या हव्यात. सुरुवात ६० टक्के आणि २ सेकंदांवर करावी. बटण दाबताच शाफ्ट हलला नाही, तर वेळ वाढवायचा नाही, व्होल्टेज वाढवायचे. इथेच बहुतेक वायरमन चुकतात: "हळू, अजून हळू" करत वेळ ८-१० सेकंदांवर नेतात आणि कपॅसिटर घालवतात. उतरण्याचा वेळही २-३ सेकंद ठेवला की बंद करताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आपटून पाइपात बसणारा दणका कमी होईल. तळमजल्यावरच्यांना तो रोज पहाटे ऐकू येतो.

ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) वेगळा लागेल, बहुतेक छोट्या स्टार्टरांत तो नसतो. तो १०.५ वरच लावायचा, "मध्येच ट्रिप होतो" म्हणून १४ वर नाही. डब्याला झाकण घट्ट हवे. पावसाळ्यात पंपरूममध्ये मुंग्यांनी कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काय केले होते ते समितीने पाहिले आहे. आणि विजेचे बिल कमी होणार नाही. चालू झालेली मोटर पूर्वीइतकीच वीज खाते. इतिवृत्तातले ते वाक्य कृपया खोडावे.

वायरीचे मात्र कुणीच बोलत नाही. मीटररूमपासून पंपापर्यंत ४० मीटर २.५ चौ. मिमी तांब्याची वायर आहे, आणि जिन्यातले दिवे तिच्याच पंपाकडच्या टोकावर घेतले आहेत. जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध सुमारे ०.६ ओहम. सुरू होताना मोटर ६० अँपिअर ओढते, म्हणजे ३६ व्होल्ट वायरीतच गेले. ६ चौ. मिमी घातली तर १५. चांगला स्टार्टर सुरुवातीचा ६० चा झटका साधारण ३५-४० अँपिअरवर आणेल, मग ६ चौ. मिमीत घट ९-१० व्होल्टच. दोन्ही करा. एकच परवडत असेल तर आधी वायर.

उपविधींप्रमाणे खरेदीला तीन कोटेशने लागतात, असे गेटच्या रंगाच्या वेळी मला ऐकवण्यात आले होते. (त्याच कलमातली तातडीची सूट इथे गैरलागू आहे.) ठोकळ्याला एकही कोटेशन नव्हते. ए विंगमधली सात घरे माझ्या मताची आहेत. शेजारधर्मामुळे त्यांना सही करणे अवघड जाते, इतकेच.

मागणी साधी आहे: ठोकळा परत करावा, त्याचे पैसे सोसायटीच्या खात्यातून जाऊ नयेत, आणि नवा स्टार्टर बसेल त्या रविवारी खजिनदारांनी पंपरूममध्ये हजर राहावे. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) मी आणतो, बटण त्यांनी दाबावे.

आपला,
सदनिकाधारक, ए-३०४

प्रत : नोटीस बोर्ड (काचेच्या आत. मागची बाहेर लावली होती, ती दुपारपर्यंतही टिकली नाही.)