पुस्तकं पाठवतेय, त्याआधी थोडं

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "समुपदेशन झालं, आता पुस्तकंही त्यावरचीच? घरात काय कमी होतं?" मी विषय बदलला. कमी काहीच नव्हतं, पण ते फोनवर नीट सांगता आलं नसतं.

कुरियरने दोन पुस्तकं येतील. आधी रिचर्ड श्वार्ट्झ यांचं 'नो बॅड पार्ट्स' (२०२१) उघडा. हे गृहस्थ मूळचे अख्ख्या कुटुंबावर उपचार करणारे. १९८०च्या दशकात त्यांच्याकडे येणारे रुग्ण म्हणायचे, माझा एक भाग खा-खा करतो, दुसरा लगेच शिव्या घालतो. त्या भागांना त्यांनी आधी दटावून पाहिलं, तर प्रकरण चिघळलं. मग हात टेकले आणि विचारलं, बाबा रे, तू हे का करतोस? तिथून त्यांची 'इंटर्नल फॅमिली सिस्टीम्स' (IFS) पद्धत सुरू झाली, म्हणजे मनातल्या भागांना घरातल्या माणसांसारखं ऐकून घ्यायचं. तुमच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत (REBT) चुकीच्या विचाराशी वाद घालतात. इथे त्याला बसायला पाट देतात.

त्यातल्या 'मॅनेजर'ला, म्हणजे काही बिघडू नये म्हणून सतत पहारा देणाऱ्या भागाला, मी कारभारी म्हणते. आई, रेग्युलेटर बंद आहे का बघायला रात्री तीनदा उठतेस ना, तो तुझा कारभारी. त्याला हसू नये, हे मला आता कळलंय. कारभारी ज्यांना आत कोंडून ठेवतात, ते दुखावलेले, बहुतेक लहानपणीचे भाग.

माझा असा एक भाग सांगते. सातवीत गणितात १७ गुण पडले, तेव्हा प्रगतिपुस्तक मी चार दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं होतं. आईला भात लावताना सापडलं. बाबा, तुम्ही त्याच्या कोपऱ्याला लागलेलं तांदळाचं पीठ झटकलंत आणि एक शब्द न बोलता सही केलीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. आजही साहेबांनी मेल वाचून उत्तर दिलं नाही की पोटात गोळा येतो, तो त्या सातवीतल्या मुलीचा. तुमचा दोष काढत नाहीये. तुम्हीही तेव्हा घाबरला असाल, हे मला समुपदेशनात वर्षभर बोलल्यावर सुचलं.

दुसरं व्हॅन डर कोल्क यांचं 'द बॉडी कीप्स द स्कोर' (२०१४). त्यात या पद्धतीवर एक प्रकरण आहे, तेवढंच वाचा. बाकी युद्ध, अत्याचार. आईने रात्री तर नकोच. जे अर्ली यांचं 'सेल्फ-थेरपी' पाठवत नाही, ते गाइडसारखं आहे, मीच अर्धं सोडलं.

आणि आई, तुझ्याच रूमेटॉइड संधिवाताच्या ७९ रुग्णांवर अमेरिकेत या पद्धतीचा अभ्यास झाला, २०१३मध्ये छापून आला. निम्म्यांना नऊ महिने हे उपचार दिले. त्यांचं दुखणं आणि उदासी कमी झाली, रोगाचा जोर मात्र कायमचा उतरला नाही. तेव्हा गोळ्या चालूच ठेव.

इंग्रजी सोपं आहे. बाबा, आईला तुम्हीच वाचून दाखवा. पानांवर खुणा केल्यात, पण पेन्सिलीने. शाई लावलेली नाही.

तुमची,
मनू