ट्रक गेटमधून आत आला, आता पुढं सांग

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मायना आईला विचारून लिहिला. वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप, असं ती म्हणाली, आणि मग दुसरा शब्द शोधावाच लागला नाही.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "बस झालं, पोहे गार होतायत" म्हणून मला गप्प करता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय निकाल लागून घरात बसलेलं कुणी ना कुणी इंदूरच्या आपल्या राजेंद्र नगरात दर वर्षी असतंच. तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळावं, असं मला मनापासून वाटतं.

9 जानेवारी 2024 ला सीए फायनलचा निकाल लागला. देशभरातून त्या वेळी 8,650 जण सीए झाले, त्यांतली मी एक. आई खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली, बाबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. जो तो म्हणत होता, आता नोकऱ्यांची रांग लागेल. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्या ग्रुपला, म्हणजे पहिल्या चार पेपरांना, माझे चार प्रयत्न झाले होते, त्यांतल्या एकदा 400 पैकी 197 वर अडकले होते. 200 लागतात. त्या तीन मार्कांनी मला सहा महिने मागं ढकललं होतं, तेव्हा आता सगळं मागं पडलं असं समजून मी निर्धास्त होते.

मग नोकरीसाठीच्या कॅम्पस मुलाखती आल्या. बऱ्याच कंपन्यांची अट पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नाची होती, आणि उरलेल्यांनी मला बोलावलं नाही. फेब्रुवारी गेला. मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्मना शंभरावर अर्ज केले, उत्तर आलं ते चार ठिकाणांहून, तेही नकाराचं. रंगपंचमीला सगळं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला लोटलं होतं आणि मी खिडक्या लावून अर्ज भरत होते. बाबा काही विचारत नसत. ते न विचारणं फार जड जायचं.

तुम्ही मात्र विचारलंत. रंगपंचमीच्या आधीच एकदा जिन्यात गाठ पडली आणि तुम्ही सरळच म्हणालात, "तीन वर्षं फर्ममध्ये आर्टिकलशिपची उमेदवारी केलीस, तिथं काय केलंस ते सांग." मी म्हटलं, "काही विशेष नाही काका, छोटी फर्म होती. जीएसटीची रिटर्नं, इन्कम टॅक्सची रिटर्नं, थोडं ऑडिट." तुम्ही म्हणालात, "हेच बोलत असशील तर कोण घेईल तुला? उद्या सकाळी वर ये, कोरी वही घेऊन ये."

ती दोनशे पानी वही माझ्याकडे अजून आहे. पहिले आठ दिवस तुम्ही मला फक्त आठवायला लावलंत. किती अशिलं होती? बासष्ट. कुठल्या धंद्यातली? महिन्याच्या 14 तारखेला 2बी, म्हणजे पुरवठादारांच्या जीएसटी रिटर्नांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी, आली की आधी काय करायचीस? खरेदीच्या नोंदींशी जुळवायची कशी? जुळलं नाही तर फोन कुणाला, आणि तो काय म्हणायचा? उत्तर देता देता मला ते हार्डवेअरचं प्रकरण आठवलं. एका दुकानदाराचं 1,84,000 रुपयांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, 2बी मध्ये दिसतच नव्हतं. पुरवठादार म्हणत होता, मी रिटर्न भरलंय. दोन दिवस बिलं चाळल्यावर मला सापडलं की त्यानं ती बिलं दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरावर दाखवली होती. पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नात, त्याच्याकडून दुरुस्ती करून घेतली आणि क्रेडिट आलं. मी हे सगळं विसरून गेले होते, कारण फर्ममध्ये ते रोजचंच होतं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "हे विशेष नाही म्हणतेस?"

माझ्या बायोडेटातला वर लिहिलेला ध्येयाचा परिच्छेद तुम्ही त्याच दिवशी खोडलात. त्या जागी अशी पाच कामं आली, प्रत्येकी दोन ओळींत, रकमेसकट.

काका, तुम्ही सीए नाही. कापड गिरणीच्या हिशेब खात्यात तुम्ही कारकून होता, गिरणी बंद पडल्यावर सियागंजच्या घाऊक बाजारातल्या पेढीवर बावीस वर्षं वह्या लिहिल्यात, पुढं टॅलीही शिकलात. कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा ताळा) हे शब्द मी तुमच्याच तोंडून ऐकले. बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकबाकी बत्तीस वर्षांनी, डिसेंबर 2023 मध्ये, मिळायची झाली, तेव्हा तुम्ही पेपर माझ्यापुढं ठेवून विचारलं होतंत, "लिक्विडेटरकडे पैसे आले की आधी कुणाचा नंबर?" लिक्विडेटर म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा. मी दिवाळखोरी कायद्याचं कलम 53 म्हणून दाखवलं. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि त्यांच्याच बरोबरीनं तारणवाले सावकार, मग बाकीच्या कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे पगार. तुम्ही म्हणालात, ते प्रकरण जुन्या कंपनी कायद्यातलं आहे, पण कामगार आणि कर्मचारी वेगळे मोजतात हे तू बरोबर सांगितलंस. मग हळूच म्हणालात, "आमच्या गिरणीत मला कर्मचाऱ्यांत धरायचे." त्यानंतर मी ते कलम कधी नुसतं म्हणून दाखवलेलं नाही.

मार्चमध्ये तुम्ही मला सियागंजला घेऊन गेलात. बाजारात तेव्हा आयकराच्या 43बी (एच) शिवाय दुसरा विषय नव्हता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं करार नसेल तर 15 दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेले, त्यामुळं सगळे घाबरलेले. तुमच्या जुन्या शेठजींनी विचारलं, "बेटा, आधा माल तो मैं ट्रेडर से लेता हूँ, उसका क्या?" मी सांगितलं की उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असली तरी व्यापाऱ्याला तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता, ही मुदत माल बनवणाऱ्यांच्या आणि सेवा देणाऱ्यांच्या देण्याला लागते, आणि त्यांतही मध्यम उद्योग आले नाहीत. मग गादीवर बसूनच त्यांच्या पुरवठादारांची यादी तीन रकान्यांत केली. दोन तास लागले. शेठजींनी कचोरी मागवली. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मघाशी तू पुस्तक उघडलं नाहीस." त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मला शांत झोप लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मुंबईचा नाद काही दिवस बाजूला ठेव, पीथमपूर बघ, हेही तुमचंच. धार जिल्ह्यात एवढे कारखाने आहेत, प्रत्येकाला हिशेब लागतो, आणि तिथं तुला माल डोळ्यांनी दिसेल, असं तुम्ही म्हणालात. मला ते तेव्हा कमीपणाचं वाटलं होतं. तसं वाटलं याचं आज वाईट वाटतं.

मग सुरू झाला तुमचा तो प्रश्न. गच्चीवर, जिन्यात, भाजी निवडताना, कुठंही. "ट्रक गेटमधून आत आला, आता पुढं सांग." पहिल्या दिवशी मी थेट बिलावर गेले. तुम्ही म्हणालात, "बिल कुठून आलं? ट्रक अजून गेटवर उभा आहे." मग मी एकेक पायरी शिकले. गेटच्या रजिस्टरात नोंद. धरमकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन, उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं वजन. स्टोअरमध्ये मोजणी, तपासणीत नापास माल वेगळा, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची चिठ्ठी. खरेदीची ऑर्डर, जीआरएन आणि बिल ही तिन्ही समोरासमोर ठेवायची. दर ऑर्डरशी, नग जीआरएनशी. त्यानंतर कीर्द. आणि 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, म्हणजे पैसे दिल्याशिवाय त्या ट्रकचा हिशेब मिटत नाही. शेवटची ही पायरी मी सांगितली तेव्हा तुम्ही ती वहीत तुमच्या अक्षरात लिहिलीत. "हे मला नवीन," असं म्हणालात. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसानं माझ्यासमोर हे सहज म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

काकूंचेही आभार इथंच मानते. "हिला कळलं तर मुलाखत घेणाऱ्याला कळेल," म्हणून तुम्ही मला त्यांच्यापुढं बसवायचात. डिफर्ड टॅक्स समजावताना मी तीनदा अडखळले. शेवटी सांगितलं की मशिनचा घसारा आपल्या पुस्तकात हळूहळू पडतो, आयकरात सुरुवातीला जास्त पडतो, म्हणून आज कर कमी भरावा लागतो, पण तो पुढं भरावाच लागणार, तेवढी रक्कम देणं म्हणून दाखवून ठेवायची. काकू शेंगा सोलत म्हणाल्या, "म्हणजे भिशी आधी उचलल्यासारखं. पुढचे हप्ते काही चुकत नाहीत." मी ते वहीत उतरवून घेतलं.

मुलाखत जूनमध्ये झाली. मशीनिंगचे सुटे भाग करणारा कारखाना, समोर तिघं जण. पहिलाच प्रश्न प्रयत्नांचा. तुम्ही बजावलं होतंत की आकडा सरळ सांग, कारणं सांगू नकोस. मी सांगितलं, "पहिल्या ग्रुपला चार." त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले. सहा महिने ज्या प्रश्नाची धास्ती घेतली होती, तो अर्ध्या मिनिटात संपला.

मग फॅक्टरीचे साहेब म्हणाले, "आमचा माल प्लेटिंगला, मुलामा द्यायला, बाहेर जातो. अकरा महिने झाले, परत आला नाही. काय करशील?" मला तुमचा ट्रकच दिसला, फक्त बाहेर जाणारा. आधी माल पाठवल्याची चलनं काढीन, जॉबवर्करकडून, म्हणजे काम करून देणाऱ्या बाहेरच्या माणसाकडून, शिल्लक मालाचं लेखी घेईन, स्वतः जाऊन मोजीन. एक वर्षाच्या आत माल परत आला नाही तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, कर व्याजासकट भरावा लागतो, म्हणजे हातात एक महिना आहे. ते म्हणाले, "आणि आमचे जिग-फिक्श्चर, भाग पकडायची साधनं, पण तिथंच आहेत." मी म्हटलं, भांडवली मालाला, म्हणजे यंत्रांसारख्या वस्तूंना, तीन वर्षं मिळतात, पण साचे, डाय, जिग, फिक्श्चर यांना मुदतीचं बंधनच नाही. ते पहिल्यांदा हसले. त्यानंतर हेज अकाउंटिंगवर एक प्रश्न आला, तो येत नव्हता. "येत नाही, वाचून उद्या कळवते," असं तुम्ही शिकवलं होतं तसंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत मेल केला.

पगाराचं बोलणं यायच्या आधीच्या रात्री तुम्ही कागद घेऊन बसला होतात. "तुम्ही द्याल ते" म्हणायचं नाही. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हुरळायचं नाही, त्यात मालकाचा 12 टक्के पीएफ धरलाय का, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के धरलेत का, हे विचारायचं. ग्रॅच्युइटी पाच वर्षं राहिलीस तर मिळेल, म्हणून ती दर महिन्याच्या पैशांत मोजायची नाही. बस राऊहून आहे का, संध्याकाळी किती वाजता सुटते. हे सगळं मी विचारलं आणि कुणालाही त्याचा राग आला नाही. बाबांनाही हे मला सांगता आलं नसतं. त्यांची सारी नोकरी सरकारी, पगार ठरवायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

1 जुलै 2024, सोमवार, मी रुजू झाले. त्या दिवशी सीए दिवस होता, 1949 साली याच तारखेला इन्स्टिट्यूट सुरू झाली. बस साडेसातला होती. तुम्ही गच्चीवर उभे होतात. मी हात केला तो तुम्हाला दिसला की नाही, कोण जाणे.

आता एक कामाचं. 31 मार्च 2025 ला आमच्याकडे वर्षअखेरची मोजणी झाली. ईदची सुट्टी, मशिनं बंद, त्यामुळं माल हलला नाही. सकाळपासून रॅकवर चढून मी स्वतः मोजलं. बाकी सगळं जुळलं, फक्त लेथचा बुरादा, म्हणजे धातू कापताना निघणारा कीस, पुस्तकात 6,240 किलो आणि काट्यावर 6,815 किलो. तो कूलंटनं, म्हणजे कापताना सोडायच्या थंड द्रवानं, ओला आहे, हे हात लावला तरी कळतं. पण ओलावा किती धरला आणि का, हे ऑडिटरला कागदावर दाखवावं लागेल. तुमच्या गिरणीत कापसाला साडेआठ टक्के ओलावा धरायचे, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. नमुना किती घ्यायचात, कुठल्या थरातून, वाळवून वजन कोण करायचं आणि सही कुणाची असायची, हे मला सविस्तर हवं आहे. रविवारी सकाळी वही घेऊन येते. पोहे मी करीन, काकूंना बसू द्या.

आपली,
पहिल्या मजल्यावरची