बारिओच्या बाई-गुरुजींना: पाचव्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आभार

आदरणीय बाई आणि गुरुजी,

स. न. वि. वि.

तगालोगमध्ये तुम्हाला ‘गुरो’ म्हणतात. शब्द मूळचा संस्कृत, त्यामुळे मराठीत लिहिताना परकं वाटत नाही. फिलिपिन्समधल्या एखाद्या बारिओचा, म्हणजे खेड्याचा इतिहास जुळवायला बसलं की पहिला आधार तुम्ही टाइप केलेल्या पानांचाच असतो. आभार मानायला सत्तर वर्षं उशीर झाला आहे, तो पदरात घ्या.

7 डिसेंबर 1951 रोजी राष्ट्राध्यक्ष एल्पिदिओ किरिनो यांनी 486 क्रमांकाचा आदेश काढला: प्रत्येक बारिओ, गाव, शहर आणि प्रांताची ऐतिहासिक माहिती गोळा करा. दुसऱ्या महायुद्धात दप्तरं गेली होती. 1945 च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत राष्ट्रीय ग्रंथालयाचा बराचसा संग्रह नष्ट झाला. नवं दप्तर उभं करायचं काम आलं सरकारी शाळांतल्या शिक्षकांवर. (असली कामं शिक्षकांच्याच गळ्यात का पडतात, हे जनगणना नि मतदार याद्या केलेल्या मराठी गुरुजींना सांगायला नको.)

प्रश्नावली ठरलेली होती: गावाचं नाव नि त्याचा अर्थ, हद्दीतल्या सितिओ म्हणजे वाड्या, मूळ घराणी, उजाड झालेल्या वस्त्या, 1896-1900 आणि 1941-1945 मधल्या युद्धांतली हानी, मग लग्न-बारशाच्या चालीरीती, कोडी, म्हणी. पाचवा प्रश्न होता सुरुवातीपासून आजपर्यंतच्या तेनिएन्तेंची, म्हणजे बारिओच्या प्रमुखांची यादी. म्हाताऱ्यांना विचारत तुम्ही ती उतरवलीत. कित्येक बारिओंत 1950 च्या आधीच्या पुढाऱ्यांची एवढी सलग यादी दुसरीकडे मिळत नाही.

ती वापरणाऱ्याची दोन-चार ठिकाणी हमखास फसगत होते. दोष तुमचा नाही, पदांचा गुंता तसाच आहे. एकाच वर्षापुढे दोन प्रमुख दिसले की नवखा माणूस एकाला खोडतो. दोन्ही खरे असू शकतात. आज बारांगाय म्हणजे हद्द, बारिओचंच नवं नाव. स्पॅनिश काळात बारांगाय म्हणजे माणसं, साधारण 40 ते 50 कुटुंबांचा कर भरणारा गट. त्याचा प्रमुख काबेसा दे बारांगाय. एका बारिओत असे दोन-तीन काबेसा सहज असत. तेनिएन्ते मात्र वस्तीचा प्रमुख, गोबेर्नादोरसिल्योचा, म्हणजे अनेक बारिओंच्या मिळून झालेल्या गावाच्या मुख्याचा, हस्तक. म्हणून तुमची यादी वाचताना प्रत्येक नावापुढे आधी पद लिहावं, वर्ष मागाहून.

काबेसाला आपला पाटील समजण्याचा मोह होतो. थोडं साम्य आहेही: पद सुरुवातीला वंशपरंपरेचं होतं, पुढे निवडीनं मिळू लागलं. त्याला स्वतःला कर माफ, पोलो नावाच्या वर्षाला 40 दिवसांच्या वेठीतूनही सुटका (1884 पासून हे दिवस 15 झाले). पण वसुलीत तूट आली तर ती काबेसाच्या घरातून भरून घेत. त्यामुळे ‘अमुक काबेसाची जमीन गेली’ असं तुमच्या पानात आलं, की जुगाराची आख्यायिका मानण्याआधी वसुलीची तूट तपासावी.

दुसरा घोळ आडनावांचा. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी 1849 मध्ये फर्मान काढून आडनावांची छापील यादी गावोगाव पाठवली. काही ठिकाणी वाटप एकाच अक्षरातून झालं. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ‘र’ची आडनावं त्यामुळेच दाटीनं आहेत. तिथे आडनावाचं आद्याक्षर सारखं म्हणून नातं लावू नये, आणि 1849 च्या आधीच्या काबेसाला आजच्या घराण्याशी निव्वळ आडनावावरून तर मुळीच जोडू नये. त्यातच नावाचा क्रम बदलला. स्पॅनिश रीतीत वडिलांचं आडनाव आधी, आईचं शेवटी. अमेरिकी काळात आईचं मधे सरकलं. ‘हुआन दे ला क्रूस इ सांतोस’ आणि ‘हुआन सांतोस दे ला क्रूस’ हा एकच माणूस असू शकतो. पण यादीत तो दोनदा मोजला जातो, आणि गावाला एक तेनिएन्ते फुकट मिळतो.

वर्षांचं म्हणाल तर ‘1880 ते 1890’, ‘1890 ते 1900’ असे गोल आकडे ओळीनं आले की ती आठवण आहे, नोंद नव्हे. तुम्ही तरी काय करणार? सांगणाऱ्या आजोबांचं कॅलेंडर ‘स्पॅनिशांच्या वेळी’, ‘कॉलऱ्याच्या साली’, ‘जपान्यांच्या वेळी’ असंच चालायचं. अशा यादीत आधी पक्के खुंटे ठोकावेत: 1893 चा मौरा कायदा, ज्यानं गोबेर्नादोरसिल्योचा कापितान म्युनिसिपाल केला, 1902 पासूनची कॉलऱ्याची साथ, जपानी आले तो डिसेंबर 1941, युद्ध संपलं ते 1945. उरलेली नावं त्यांच्या मधे क्रमानं बसवावीत, वर्षं मोकळी सोडावीत. क्रम बहुधा बरोबर असतो, आकडे नसतात.

गावाच्या नावाची गोष्ट तर शेकडो पानांत तीच: स्पॅनिश शिपाई गावाचं नाव विचारतो, शेतकऱ्याला वाटतं झाडाचं विचारतोय, तो झाडाचं सांगतो. शिपाई सोडून द्यावा, झाड ठेवावं. आंतिपोलो हे नाव खरोखरच तिपोलो झाडावरून आलं. पण झाडही तपासून घ्यावं. मायनिला (मनिलाचं तगालोग नाव) म्हणजे निलाद झुडपाची जागा असं सर्रास सांगतात. ते ‘माय निला’ आहे, नीळ जिथे आहे ती जागा. ही नीळ आपलीच, संस्कृत ‘नील’वरून गेलेली.

पानं शोधायला येणाऱ्यासाठी एक सूचना इथेच लिहून ठेवतो. संच मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, प्रांत, मग गाव, मग बारिओ अशा क्रमानं. पण प्रांत 1950 च्या दशकातले. बालेरचा बारिओ आज आवरोरा प्रांतात असला तरी तो केसॉनमध्ये पाहावा, कारण आवरोरा 1979 मध्ये वेगळा झाला. समार 1965 पर्यंत एकच होता, इफुगाओ 1966 पर्यंत माउंटन प्रॉव्हिन्समध्ये. फिकट टाइपात 3 आणि 8 सारखेच दिसतात, तेव्हा साल आधीच्या आणि नंतरच्या नावाशी ताडून घ्यावं.

तुमच्यानंतर पाट्या भराभर बदलल्या. 1963 च्या कायद्यानं तेनिएन्तेचा बारिओ कॅप्टन केला, 1974 मध्ये बारिओचं बारांगाय झालं, 1991 च्या स्थानिक शासन संहितेत प्रमुख म्हणजे पुनोंग बारांगाय, आणि सोबत 7 कागावाद, म्हणजे सदस्य. लोक अजून ‘काप’ अशीच हाक मारतात. या सगळ्यांची नावं सरकारी कागदात सापडतात; त्यांच्या आधीच्यांसाठी तुमचंच पान उघडावं लागतं.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिले. शेवटाकडे एक प्रश्न होता: गावात जुनी पुस्तकं, कागदपत्रं कोणाकडे आहेत? काहीतरी लिहून जागा भरता आली असती. अनेकांनी तिथे फक्त ‘नाहीत’ असं टाइप केलं. तो एक फेरा वाचला.

आपले नम्र,
तुमची यादी अजून वापरणारे